एका 'कट'मध्ये किती शब्द गेले?

काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात आता घरचे झाले आहेत. टेबल, पेन, बस, तिकीट या शब्दांना कोणी हटकत नाही आणि हटकूही नये. वस्तू बाहेरून आली, तिचे नावही तिच्याबरोबर आले. आज आम्ही ज्या शब्दाविषयी लिहीत आहोत त्याची गोष्ट वेगळी आहे. तो शब्द म्हणजे 'कट'. पगारात कट, लाइट कट, टॅक्स कट, मार्क कट, पिरियड कट, पटावरून नाव कट, सिनेमातला सीन कट. कमी करणे, कापणे, वगळणे ही कामे काही इंग्रजांबरोबर आलेली नाहीत. ती आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आणि प्रत्येकाला आपल्याकडे नावही होते. आज ती सारी नावे बाजूला पडून त्यांच्या जागी दोन अक्षरे बसली आहेत.

आमची तक्रार भाषा बाटल्याची नाही, ती अर्थाची आहे. काहीही कमी होते तेव्हा कोणाचे तरी काही जाते आणि बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी काही वाचते. कोणी कमी केले, कोणाचे, किती, कशासाठी आणि किती दिवसांपुरते, एवढे ऐकणाऱ्याला कळायला हवे. 'कट झाले' असे म्हटले की यातले काहीच कळत नाही. पाऊस पडला, ऊन पडले, तसे काहीतरी आपोआप झाले असे वाटते. इंग्रजी बोलणारा माणूस या शब्दाच्या मागेपुढे लहान लहान शब्द जोडून अर्थ वेगळे ठेवतो. आपण ते जोडशब्द तिथेच ठेवले आणि फक्त 'कट' उचलून आणला.

खरे तर मराठीला हा उच्चार नवा नाही. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचे निथळून काढलेले पाणी म्हणजे कट, आणि होळीला त्याचीच कटाची आमटी होते. मिसळीवरचा झणझणीत तांबडा रस्सा हाही कट. चार माणसांनी गुपचूप बसून केलेला बेत हाही कटच. तो रचला जातो, शिजतो आणि कधी कधी उघडकीस येतो. तेव्हा 'पगारात कट' अशी बातमी ऐकून एखाद्या आजोबांनी "कोणी रचला?" असे विचारले, तर विद्यार्थी मित्रांनो, हसू नका. आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

आता एकेक उदाहरण पाहू. समजा घरात कोणी म्हणाले, "या वेळी टॅक्स कट झाला." आनंद मानायचा की हळहळायचे? कार्यालयाने पगारातून कर कापून घेतला असेल तर हाती रक्कम कमी आली. सरकारने कर कमी केला असेल तर हाती रक्कम जास्त राहणार. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात, नव्या करप्रणालीनुसार साधारणपणे १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर भरावा लागणार नाही असे जाहीर झाले. तोही टॅक्स कट आणि दरमहा पगारपत्रकावर दिसतो तोही टॅक्स कट. दोन उलट गोष्टींना एकच नाव! 'कर कापला' आणि 'कर कमी केला' ही दोन साधी मराठी वाक्ये वापरली तर घोटाळा उरत नाही. आयकराच्या कामात तर आपल्याकडे आणखी बारीक शब्द आहेत. वजावट उत्पन्नातून होते, सूट आकारलेल्या करात मिळते आणि कपात हातात पगार पडण्यापूर्वी होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे तीन शब्द नीट कळले तर अर्धा धडा कळला.

दुसरे उदाहरण व्याजाचे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ वर आणला आणि जूनपर्यंत तो ५.५० वर आला. 'रेट कट, रेट कट' असा सगळीकडे गजर झाला. बातमीत '२५ बेसिस पॉइंट' असे वाचून अनेक पालक गोंधळले असतील. मराठीत त्याला 'पाव टक्का' म्हणतात आणि तो भाजीवालीलाही समजतो. बँकांनी तो पाव टक्का पुढे पोहोचवला, तर १० लाखांच्या गृहकर्जावर वर्षाला सुमारे अडीच हजार रुपये व्याज वाचते. पण ज्या आजीआजोबांनी निवृत्तीचे १० लाख मुदत ठेवीत ठेवले आहेत त्यांचे ठेव नव्याने ठेवताना तेवढेच व्याज बुडते. एकाच घरात मुलगा कर्जदार आणि वडील ठेवीदार असतात. ही बातमी एकासाठी आनंदाची आणि दुसऱ्यासाठी चिंतेची असते. 'कर्ज स्वस्त झाले, ठेवीवरचे व्याज उतरले' असे सांगितले तर दोघांनाही आपापला भाग कळतो.

तिसरे उदाहरण २०२० सालचे. करोनाच्या त्या वर्षी केंद्र सरकारने खासदारांच्या वेतनात एप्रिलपासून एका वर्षासाठी ३० टक्के कपात केली. दरमहा १ लाखातून ३० हजार रुपये कमी झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीचा अभ्यासक्रम सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी केला. दोन्हीकडे आकडा तोच आणि मुदतही एका वर्षाचीच. पण मुदत संपल्यावर वेतन पूर्ववत झाले. त्या वर्षी जे धडे शिकवले गेले नाहीत ते मात्र त्या मुलांपुरते राहिले ते राहिलेच. परिस्थिती बिकट होती आणि निर्णय चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. काही गोष्टी कमी केल्या तरी परत भरून येतात आणि काही येत नाहीत, एवढाच मुद्दा आहे. 'कट' हा एकच शब्द दोन्हींना लावला की हा फरक डोळ्याआड होतो.

कधी कधी हा शब्द मुद्दामच वापरला जातो, कारण त्याने झाकपाक होते. डॉक्टरी व्यवसायातला 'कट' सर्वांना ठाऊक आहे. रुग्णाला विशिष्ट प्रयोगशाळेकडे वा रुग्णालयाकडे पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला मिळणारी रक्कम म्हणजे हा कट. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम अशा देवघेवीस मनाई करतात. महाराष्ट्र सरकारनेही २०१७ साली याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला होता. इथे कमी काहीच होत नाही, उलट रुग्णाचे बिल वाढते. याला मराठीत दलाली म्हणतात. तो शब्द उच्चारायला जड जातो आणि म्हणूनच तो उच्चारला पाहिजे.

बँकांच्या व्यवहारात अलीकडे 'हेअरकट' ऐकू येतो. मोठ्या कंपनीने घेतलेले कर्ज पूर्ण वसूल होत नाही, तेव्हा बँक काही रक्कम घेऊन उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानंतर हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. ऐकताना वाटते, रविवारी सकाळी केस कापून आले आणि बरे वाटले! आपल्याकडे याला फार नेमका वाक्प्रचार आहे: कर्जावर पाणी सोडले. त्यात गेलेल्या रकमेची खंत आहे आणि सोडणारा कोण हेही आहे. केस पुन्हा वाढतात, सोडलेले पाणी मात्र परत ओंजळीत येत नाही.

सगळेच 'कट' वाईट असतात असे नाही. मुंबईपासून आपल्या बडोद्यापर्यंत टपरीवर मिळणारा 'कटिंग' चहा पाहा. पेला अर्धा असतो, पण दोन मित्र एका चहात भागवतात तेव्हा त्या अर्ध्याची कोणी तक्रार करत नाही. कारण उघड आहे: ते दोघांनी मिळून ठरवलेले असते आणि दोघांनाही माहीत असते.

ठरवून, उघडपणे आणि नेमक्या शब्दांत कमी करणे म्हणजे काय याचा उत्तम धडा आपल्या संसदेच्या कामकाजात आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. सरकार खात्यांच्या खर्चासाठी सभागृहाकडे अनुदानाच्या मागण्या मांडते. सदस्याला ती मागणी कमी करावी असे सुचवता येते. या सूचनेला मराठीत कपात सूचना म्हणतात आणि लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. खात्याचे धोरणच मान्य नसेल तर मागणी कमी करून १ रुपयावर आणावी असे सुचवतात. धोरण मान्य आहे पण उधळपट्टी होते असे वाटले, तर ठरावीक रक्कम सांगून तेवढी कमी करावी असे सुचवतात. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल तर फक्त १०० रुपये कमी करावेत असे सुचवतात. कोट्यवधींच्या मागणीतून १०० रुपये कमी झाल्याने तिजोरीत भर पडत नाही, पण त्या निमित्ताने मंत्र्यांना त्या गाऱ्हाण्याचे उत्तर द्यावे लागते. पहा, कमी करायच्या रकमेवरूनच सूचना मांडणाऱ्याचा हेतू कळतो. एवढी शिस्त आपण घरात आणि शाळेत का पाळू नये?

मराठीकडे त्यासाठी शब्दांचा तुटवडा नाही. आपोआप कमी झाले तर घट, कोणी ठरवून कमी केले तर कपात. हिशेबात कमी पडले तर तूट. दुकानदाराने किंमत उतरवली तर सूट, गरजू म्हणून कमी घेतले तर सवलत, मुळीच घेतले नाही तर माफी. लेखातला नको तो भाग काढला तर काटछाट, मजकूर आटोपशीर केला तर संक्षेप, एखादा भाग मुळात घेतलाच नाही तर वगळला. आणि वाक्प्रचार तर कमी कोणाचे झाले हेही सांगून जातात. आई स्वतःच्या पोटाला चिमटा घेते. देणारा हात आखडता घेतो. वरिष्ठ दुसऱ्याच्या खर्चाला कात्री लावतो. कोणी कोणाच्या तोंडचा घास काढतो. कोणी अंथरूण पाहून पाय पसरतो. या पाचही ठिकाणी 'कट' घालून पाहा. आईचा त्याग आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणे एकाच पंक्तीत येऊन बसेल.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मराठी शब्दही झाकपाक करतात. वीज जाणे याला सरकारी भाषेत 'भारनियमन' म्हणत. २००५ च्या आगेमागे महाराष्ट्रातल्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास अंधार असे आणि कागदावर मात्र कशाचे तरी नियमन चाललेले असे. २०१७ साली महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला. त्यासाठीचा शब्द होता 'समायोजन'. २०२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पाठ्यपुस्तकांचे 'सुसूत्रीकरण' केले. त्यात दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा आणि उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. हे तिन्ही शब्द व्याकरणाने शुद्ध आहेत, पण गावातल्या आजीला विचारले तर ती म्हणेल: वीज गेली, शाळा बंद केली, धडा काढला. तेव्हा आमचा आग्रह केवळ मराठी शब्दाचा नाही. तो ऐकणाऱ्याला कळेल अशा शब्दाचा आहे.

हा आग्रह या शहराला नवा नाही. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश बडोद्याहून निघाला. कारभारातल्या इंग्रजी संज्ञांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. राज्य गुजरातेत, राजघराणे मराठी, वरचे राज्यकर्ते इंग्रज. अशा ठिकाणी एका भाषेतला हुकूम दुसऱ्या भाषेतल्या माणसाला नीट कळावा म्हणून विद्वान मंडळी एकेक शब्द तोलत बसली. आपले गुजराती शेजारी आजही 'वीजकाप' आणि 'पाणीकाप' म्हणतात, हिंदी भाषक 'कटौती' म्हणतात. वर्तमानपत्रे ते शब्द छापतात आणि कोणाला ते जुनाट वाटत नाहीत. 'पाणीकपात' म्हणताना आपल्यालाच का संकोच वाटावा?

आता शाळेकडे येतो, कारण हे सारे लिहिण्याचे निमित्त तेथेच आहे. गेल्या जूनमध्ये सूचनाफलकावर एक ओळ लागली होती: 'शनिवारचा मराठी अवांतर वाचनाचा पिरियड कट करण्यात आला आहे.' खाली तारीख होती, बाकी काही नाही. काही पालकांना वाटले, वाचनाचे शिक्षक सोडून गेले. काहींना वाटले, विश्वस्तांनी मराठीवरचा खर्च कमी केला. मुलांना वाटले, सुट्टी लवकर होणार, आणि त्यांना तर आनंदच झाला. पालकसभेत विचारल्यावर खुलासा मिळाला तो असा: प्रयोगशाळेचे काम लांबल्यामुळे दहावीची प्रात्यक्षिके मागे पडली होती, म्हणून तो तास दिवाळीपर्यंत प्रात्यक्षिकांना दिला होता. कारण पटण्यासारखे होते आणि कोणी वाद घातला नाही. पण 'दिवाळीपर्यंत' हा शब्द फलकावर नव्हता आणि वेळापत्रकातही नव्हता. दिवाळी झाली, नाताळ झाला, संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला. तास परत आला नाही. तो परत यायचा आहे असे कुठे लिहिलेलेच नव्हते. आणि जे 'कट' झाले ते परत मागायचे असते असे मुलांनाही वाटले नाही.

हा तास म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. आपल्या मुलांपैकी अनेकांच्या घरी मराठी बोलली जाते, पण मराठी पुस्तक हातात येते ते शाळेतच. रस्त्यावर गुजराती, दूरदर्शन संचावर हिंदी, क्रमिक पुस्तकांबाहेर इंग्रजी अशा दिवसात आठवड्यातला तो एकच तास मुले गुणांची चिंता न करता मराठी वाचत होती. पट घसरत असताना, खर्चाची तोंडमिळवणी करताना विश्वस्तांना पुढेही काही गोष्टी कमी कराव्या लागतील. ती वेळ आनंदाने कोणी आणत नाही हे आम्ही जाणतो. आमची विनंती एवढीच की जे कमी कराल ते पूर्ण वाक्यात सांगा.

त्यासाठी पाच प्रश्नांची उत्तरे पुरतात. काय कमी केले? किती? कोणी ठरवले? कशासाठी? कधीपर्यंत? वरचीच सूचना अशी लिहिता आली असती: 'दहावीची प्रात्यक्षिके पूर्ण करण्यासाठी शनिवारचा वाचनतास दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापकांनी स्थगित केला आहे. सुट्टीनंतर तो नेहमीप्रमाणे होईल.' दोन ओळी जास्त लागल्या, पण एकही अफवा उठली नसती. आणि सुट्टी संपताच पहिल्या शनिवारी पाचवीतल्या एखाद्या मुलाने विचारले असते, "बाई, आज वाचनाचा तास ना?"

शिक्षकांनाही एक विनंती. 'मार्क कट केले' असे म्हणण्याऐवजी 'कारण लिहिले नाही म्हणून एक गुण दिला नाही' असे सांगावे. पहिल्या वाक्यात मुलाला शिक्षा ऐकू येते, दुसऱ्यात पुढच्या वेळी काय करायचे ते ऐकू येते. पटावरचे नाव 'कट' करू नये, 'कमी करावे'. जुन्या दाखल्यांवर तसेच लिहिलेले आढळेल. आणि पालकहो, घरखर्चात काही कमी करावे लागले तर मुलांपाशी तेही नीट सांगा. 'या वर्षी सहल कट' म्हटले की मूल रुसते. 'आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे, म्हणून या वर्षी सहलीला जाणार नाही, पुढच्या वर्षी जाऊ' असे सांगितले की ते त्यात सहभागी होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक उद्योग. एक आठवडाभर घरात, बाजारात, वर्तमानपत्रात आणि शाळेत 'कट' हा शब्द जिथे जिथे ऐकाल तिथे तो वहीत टिपून ठेवा आणि त्यापुढे त्या जागी बसणारा नेमका मराठी शब्द लिहा. बसत नसेल तर तसेही लिहा. क्रिकेटमधला 'कट' आम्ही स्वतःच तसाच ठेवू. चांगल्या वह्यांतील उतारे पुढच्या अंकात छापू.

विश्वस्त मंडळास आमचे सांगणे मात्र वहीपुरते नाही. प्रयोगशाळेचे काम पूर्ण झाले आहे आणि दहावीची प्रात्यक्षिकेही उरकली आहेत. ज्या कारणासाठी वाचनतास थांबवला होता ते कारण आता उरलेले नाही. तेव्हा येत्या सत्राचे वेळापत्रक लावताना शनिवारचा तो तास पुन्हा त्याच्या जागी यावा, आणि तो आल्याची सूचनाही फलकावर पूर्ण वाक्यात लागावी.

— संपादक मंडळ